बुनरेच्या हातची चव

कोरियातल्या जोंजूच्या माणसांशी जेवणावरून वाद घालू नये. या गावातला टॅक्सीवालासुद्धा भाताचा पहिला घास तोंडात घालून क्षणभर थांबतो आणि मगच बरं-वाईट बोलतो. आणि वाईट असलं तर मालकिणीच्या तोंडावर बोलतो. अशा गावात, जुन्या बाजारात, तोंडीलावण्यांचं दुकान टाकून ते तीस वर्षं चालवणं येरागबाळ्याचं काम नव्हे. प्यो बुनरेनं ते चालवलं. मूर्ती लहान, आवाज मोठा, आणि जीभ तिखटापेक्षा तिखट. कुणी पालकाची भाजी घेऊन वर चिमूटभर जास्त मागितली, की ती चिमूटभर नाही, मूठभर घालायची आणि म्हणायची, "घे, नाहीतर घरी जाऊन रडशील."

तिच्या दुकानात काटा होता तो फक्त गिऱ्हाइकासाठी. स्वतःच्या हाताला तिनं कधी माप दाखवलं नाही. तिळाचं तेल किती? वास येईपर्यंत. खारवलेली कोळंबी किती? वास बसेपर्यंत. किमची, ते कोबीचं लालभडक लोणचं, मुरली हे कसं ओळखायचं? "झाकण उघडलं की तीच सांगते," असं ती म्हणायची. ऐकणारीला वाटे, बाई गुपित लपवतेय. लपवत काही नव्हती, तिला दुसऱ्या तऱ्हेनं सांगताच येत नव्हतं.

गुडघे मात्र गेले होते. जन्मभर उकिडवं बसून कोबीचे गड्डे धुतले की दुसरं काय होणार? घर चढावर, दुकान खाली. ते पाहून मुलानं, ग्युसोकनं, तिला किकबोर्ड आणून दिली. उभ्यानं चालवायची विजेची फळी, पुढे दांडा, खाली तळहाताएवढी दोन चाकं. नवरा तोकबे म्हणाला, "तरण्या पोरांचं खेळणं ते. उद्या पोहायचा पोशाखही आणील तुझा लेक."

"आणू दे. तुमच्या टेम्पोची वाट बघत म्हातारी झाले मी," बुनरे म्हणाली आणि फळीवर चढली.

बाजाराला करमणूक झाली. अंगात फुलाफुलांचा एप्रन, डोक्याला लाल हेल्मेट, पाठ सरळ, आणि चेहरा असा की जणू सरकारी कामावर निघालीय. शेजारची सुक्या मासळीची दुकानदारीण, मोकपो गावची म्हणून जिला सगळे मोकपोकरीणच म्हणत, ती रोज ओरडायची, "ताई, विमानाचं तिकीट कधी काढताय?" बुनरे दांड्यावरचा एक हात उचलून तिला मूठ दाखवायची. हेल्मेट मात्र कधी विसरली नाही. दंड होतो म्हणून नव्हे. पोराला शब्द दिला होता म्हणून.

विसरली नाहीच. त्या दिवशी तिनं ते मुद्दाम घातलं नाही.

ग्युसोकचं लग्न ठरलं होतं. मुलगी बुसानची, नाव दाजोंग. दोन्ही घरच्यांनी हॉटेलात समोरासमोर बसून जेवायचं, वागणं-बोलणं पारखायचं, तो दिवस उजाडला होता. आदल्या संध्याकाळी बुनरे केस कुरळे करून आली होती. जोंजूतल्या तिच्या वयाच्या सगळ्याच बाया तसे घट्ट कुरळे केस करतात, आणि ते केल्यावर एक-दोन दिवस त्यांच्यावर काही दाबायचं नसतं, नाहीतर पैसे पाण्यात. "विहीणबाईंपुढे चपटं डोकं घेऊन जाऊ?" असं म्हणून तिनं हेल्मेट खुंटीवर ठेवलं. दुकानात जाऊन विहिणीसाठी ठेवलेल्या जुन्या किमचीची पिशवी उचलली आणि दांड्याला अडकवली. जड पिशवी हेलकावे खात होती. हॉटेलच्या वाटेवरच्या उतारावर ती सावरायला तिनं एका बाजूला हिसका दिला, दांडा वळला, पुढचं चाक गटाराच्या जाळीवर घसरलं, फळी पायाखालून पुढे निसटली, आणि बुनरे मागच्या मागे फुटपाथच्या दगडावर डोकं आपटून पडली.

लोक धावले. पाहतात तो बाई लालभडक थारोळ्यात. एक पोरगी किंचाळली. बुनरे उठून बसत म्हणाली, "ओरडू नका गं! रक्त नाही, किमची आहे." सगळे हसले, तीही हसली. मग मनगट लोंबतंय हे तिच्या लक्षात आलं.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. त्याच्यात धातूची पट्टी बसवली, प्लास्टर झालं. डोक्याची तपासणी झाली. आत थोडा मार आहे, आपोआप बरा होईल, म्हणाले. इस्पितळातलं जेवण तिला पाण्यासारखं लागलं, पण त्या खोलीतल्या सगळ्याच बायकांना ते पाण्यासारखं लागत होतं, त्यामुळे त्या सगळ्यांबरोबर तीही स्वयंपाक्याच्या नावानं बोटं मोडत बसली. किती तरी वर्षांत एवढी मजा आली नव्हती, असं नंतर एकदा ती तोकबेला म्हणाली.

घरी आली ती सरळ गच्चीवर गेली. तिथं तिच्या मातीच्या बरण्या होत्या. आंबवलेल्या सोयाबीनची मोठी बरणी तिनं डाव्या हातानं उघडली आणि वाकली. मग आणखी वाकली. मग बोट बुडवून चाटलं. खारट. नुसतं खारट, त्याच्यामागं जे काही उभं असतं ते कुठंच नव्हतं. तिनं शेजारच्या बरणीत नाक घातलं, मग लसणाची पाकळी चिरडून हुंगली, मग खाली येऊन तोकबेचा घामट सदरा तोंडाशी धरला.

"काय करतेस?" तोकबे म्हणाला.

"अहो, तुम्हाला वास येत नाही," बुनरे म्हणाली.

"सकाळीच आंघोळ केली मी."

"तसं नाही हो," ती म्हणाली आणि त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडायला लागली.

नाकाच्या डॉक्टरनं छोट्या छोट्या बाटल्या तिच्या नाकाखाली धरल्या. तिनं एकही ओळखली नाही. तो म्हणाला, नाक ठणठणीत आहे, जीभही बरी आहे. पण डोकं मागं आपटतं तेव्हा नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक धागे तुटतात. खारट, आंबट, गोड कळेल. बाकी चव म्हणून आपण ज्याला म्हणतो, ती वासाची असते. वर्षभरात परत आलं तर आलं. रोज सकाळी ओळखीचे वास हुंगत बसा.

ती बसली. कॉफी, तिळाचं तेल, आलं, सुका बांगडा. पोथी वाचावी तशी निष्ठेनं बसली. उन्हाळ्यात एकदा तिला एकाएकी जळका वास आला. ती आनंदानं ओरडतच स्वयंपाकघरात धावली. शेगडी बंद होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिनं मोकपोकरणीला कारण न सांगताच मिठी मारली, बाजारभर हसत सुटली. डॉक्टर म्हणाला, तुटलेला धागा असा कधीकधी आपलाच आपण फडफडतो, बाहेर काही नसतं. महिनाभरानं तो वासही गेला.

दुकान बंद ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. कुणाला सांगायचंही नाही. मीठ तिला कळत होतं. बाकीच्यासाठी तोकबेची जीभ घ्यायची. तिनं कालवलेल्या भाजीचा घास त्याच्या तोंडात घातला.

"कशी आहे?"

"ठीक."

"ठीक म्हणजे? तेल कमी की जास्त?"

"ठीक म्हणजे ठीक."

"तीस वर्षं माझ्या हातचं खाताय, आणि तुम्हाला फरक कळत नाही? मग इतकी वर्षं खात काय होतात?"

"पुढ्यात येईल ते," तोकबे बिचारा म्हणाला. त्याचा काय दोष! जन्मभर सिगारेटी ओढलेलं तोंड ते. ज्याला कधी नाव ठेवायची वेळच आली नाही, त्याला चव पारखता कुठून येणार?

गिऱ्हाईक भांडलं नाही, हेच वाईट झालं. जोंजूचं गिऱ्हाईक भांडतं तेव्हा त्याला परत यायचं असतं. आता जुन्या बाया दुकानासमोरून जाताना घड्याळ बघायला लागल्या. "आज घाईत आहे गं," "आज पाहुणे नाहीत गं." बुनरे त्यांच्याकडे बघून हसायची, आणि त्या गेल्यावर हातातलं पातेलं आदळायची.

शेवटी एका दुपारी मोकपोकरीण आत आली आणि पडदा ओढून उभी राहिली.

"ताई, एक सांगू? रागावू नका."

"रागावणार. सांग."

"भोपळ्याची भाजी काढून टाका. नुसती तीच नाही, सगळंच. तुमचं तिळाचं तेल खवट झालंय. रस्त्यापर्यंत वास येतोय."

बुनरेनं बाटली उचलून नाकाशी धरली. सवय कुठं जाते? मग तिनं ती खाली ठेवली.

"कधीपासून?"

"आठवडा झाला असेल."

"आणि तू आज सांगतेस, मेले?"

"काल सांगणार होते. परवाही सांगणार होते." मोकपोकरणीचे डोळे भरून आले. "मी तुमच्याकडून रोज घेत होते, ताई. घरी नेऊन टाकत होते. दुकान रिकामं दिसू नये म्हणून."

हे बुनरेला खवट तेलापेक्षा जास्त लागलं. तिच्या दुकानात आजवर कुणी दयेनं काही घेतलं नव्हतं. तिनं सगळी भांडी कचऱ्याच्या डब्यात पालथी केली, आणि हिवाळ्याआधी गाळा सोडला. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

लग्न पुढे ढकललं होतं ते वसंतात झालं. वर्ष सरलं, डॉक्टरनं पुढं बोलावलं नाही. सकाळचं हुंगणं बुनरेनं कधी सोडलं ते तोकबेलाही कळलं नाही. बाटल्या कपाटात गेल्या. ती जेवायची ते औषध घ्यावं तसं, भूक लागली म्हणून. पूर्वी ती दिवसभर बडबडायची, आता टीव्ही बडबडायचा. फळी मुलानं विकून टाकली आणि त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. तो फोनवर बोलताना प्रत्येक वाक्यात "आई, तू बरी आहेस ना" म्हणायचा, जणू त्यानंच तिला ढकललं होतं. "तू काय गाढव आहेस का?" ती म्हणायची. पण पूर्वीसारखी शिवी जमायची नाही.

मग थंडी पडली आणि दाजोंगचा फोन आला. हिवाळ्याची किमची घालायला आम्ही येतो, आई. तुमच्या हातची शिकायची आहे मला. बुनरे नको म्हणणार होती. सुनेला नाकाचं ठाऊकच नव्हतं. नवऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी काय सांगायचं, असं म्हणत राहून गेलं होतं. पण पोरगी "शिकायची आहे" म्हणाली, आणि असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती "या" म्हणाली.

आले. अंगणात प्लास्टिक अंथरलं, खारवून धुतलेल्या कोबीचा ढीग लागला. मुळा किसून झाला, तिखट भिजलं, लसूण वाटून झाला. दाजोंगनं पिशवीतून छोटा वजनकाटा काढून परातीखाली सरकवला.

"आई, मुरवलेल्या मासळीचं पाणी किती?"

"अंदाजानं," बुनरे म्हणाली.

"म्हणजे किती?"

वास येईपर्यंत, हे शब्द बुनरेच्या ओठांवर आले आणि तिथंच थांबले. हातात बाटली होती, समोर परात होती, आणि हाताला सांगणारं कुणी नव्हतं. तिनं बाटली तिरकी केली. पुरे वाटलं म्हणून नाही, पोरगी बघत होती म्हणून थांबली. दाजोंगनं परातीखालचा आकडा मोठ्यानं वाचला आणि फोनवर फोटो काढला. मग कोळंबीचा वाडगा, मग नाशपातीचा रस, मग साखर. दर वेळी बुनरे कुठेतरी थांबायची, आणि दर वेळी फोटो निघायचा. कुणीतरी आपल्याला नागडं करून मोजतंय असं तिला वाटत होतं, पण हात चालूच होते.

मिसळून झाल्यावर तिनं रीतीप्रमाणे कोबीचं कोवळं पान घेतलं, त्यात मसाला गुंडाळला आणि पहिला घास मुलाच्या तोंडात घातला. ग्युसोकनं चावला. चावत राहिला. घास गिळून तो उगाचच कोबीचे गड्डे मोजायला वळला.

दुसरा घास तोकबेला. "ठीक," तो म्हणाला. पण या खेपेला त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

तिसरा दाजोंगला. पोरीनं डोळे मिटले, चावला, आणि चेहरा फुलला.

"आई गं! ग्युसोक सांगायचा ते खरंच की. तीव्र आहे, पण आवडली मला." तिनं तिखटानं लाल झालेले हात वर धरून मान खांद्याला लावली आणि कान-खांद्यात धरलेल्या फोनवर बुसानच्या आईला सांगायला लागली, "हो गं, सगळं वजन करून घेतलंय. आता चुकायची नाही. आमच्या मुलांनासुद्धा हीच घालणार." मग ती बुनरेकडे वळली. "हीच ना, आई? लहानपणापासून ग्युसोक खायचा ती?"

ग्युसोक पाठमोरा होता. गड्डे मोजणारं त्याचं बोट मध्येच थांबलं होतं. बुनरेनं आपल्या बोटाला लागलेला मसाला चाटला. खारट होता, तिखट होता.

"हो पोरी," ती म्हणाली. "हीच."