झेंडूतला बिबट्या

आमच्या शिवारात झेंडूच्या सऱ्यांमधून चालत गेलेला तो बिबट्या मी केला होता. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तो व्हिडिओ अजून तालुकाभर फिरतो. कधीमधी मलाच येतो, वर 'काळजी घ्या' असं लिहून.

मी शिक्रापूरच्या बाजूला एका कारखान्यात ड्रॉइंगं करतो. यंत्रांचे सुटे भाग कॉम्प्युटरवर उभे करायचे, फिरवून बघायचे. घरी आलो की पुन्हा तोच नाद: फोटो, व्हिडिओ आणि कॉम्प्युटरमध्ये वस्तू घडवणं. मी बोलणारा माणूस नाही. गाव कवठे येमाईच्या अंगाला, तिथं न बोलणाऱ्याला माणसं आधी गरीब समजतात आणि मग विसरतात.

वडील गेले तेव्हा घरात त्यांचे दोनच फोटो निघाले. एक आधारकार्डाचा, एक विहिरीवरच्या मोटारीशेजारी उभे असतानाचा. सुतकात दुसरं काम नव्हतं. त्या दोन फोटोंवरून मी त्यांचं डोकं घडवलं: कानाची जाड पाळी, कपाळावर टोपीचा वळ, एका बाजूनं जास्त ओढलेला ओठ. दशक्रियेच्या मंडपात मोठा टीव्ही लावला. आबा मान वळवून बघतात आणि हसतात, एवढंच त्यात होतं. डोळे नीट जमले नव्हते, हे माझं मला ठाऊक होतं.

आबा मान वळवत होते तेवढ्यात गाड्या आल्या. आमच्याकडे दशक्रियेला पुढारी येऊन भाषणं करतात, कावळा शिवेपर्यंत माईक थंड होत नाही. माईक माझ्या थोरल्या चुलतभावाच्या हातात होता. गावात असला कुठलाही माईक दादाच्याच हातात असतो. तो त्यातूनच म्हणाला, "ए, ते बाहुलं बंद कर आधी. सायेब आल्यात."

मंडप हसला. माझ्या बापाच्या दशक्रियेत माणसं हसली. मी उठलो आणि माझ्या हातानं टीव्ही बंद केला. मग साहेबांनी श्रद्धांजली वाहिली, त्यात वडिलांचं नाव चुकीचं घेतलं.

दादाची बायको तेवढी नंतर माझ्याकडं आली. "भावजी, आबांचं ते हलतं चित्र माझ्या मोबाईलवर टाका. त्यांनी मान वळवली आन् मला भरूनच आलं."

"टाकतो, वहिनी," म्हणालो. टाकलं नाही. त्या घरात आबांना पाठवायचं नाही, असं तेव्हा मनात बसलं होतं.

दादा दरवर्षी दसऱ्याचा झेंडू करतो. दसऱ्याच्या तोंडावर गावातल्या बाया टोळीनं येऊन फुलं तोडतात आणि टेम्पो भरून पुण्याला जातात. दसरा उलटला की तेच फूल कुणी फुकट नेत नाही. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते बिबट्याचं चित्र नव्हतंच. दसऱ्याच्या दिवशी रानात तसाच पेटलेला, न तोडलेला झेंडू दिसला मला. तो न तोडता कसा राहील, या विचारानं तिथून मागं मागं येत बिबट्या सापडला. आमच्याकडं बिबटे खरेच आहेत, उसात पिल्लं निघतात. म्हणजे भीती तयारच होती, मला फक्त जनावर करायचं होतं.

शरीर जमलं, ठिपके जमले, चाल जमेना. सासुरवाडी दौंड तालुक्यात, राहूला. तिथं जाऊन मी सासूबाईंच्या मांजरामागं कॅमेरा घेऊन बांधाबांधानं हिंडलो.

"जावईबापू, लगीन झाल्यापून माझ्या पोरीचा एक फोटू धड काढला न्हाई," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आन् मांजराचा पिच्चर काढताय व्हय?"

"मांजर हलतं, मामी. ती हलत नाही."

सगळे हसले, मीही हसलो. मांजराचे खांदे कसे आळीपाळीनं वर येतात, ते मी त्या संध्याकाळी शिकलो. तरी माझ्या बिबट्याचे पाय जमिनीवरून घसरल्यासारखे दिसत. झेंडूनं ती अडचण सोडवली, गुडघाभर झाडांत पाय झाकून गेले. दादाचाच झेंडू माझ्या मदतीला आला, याचं फार बरं वाटलं.

शेत मी सडकेवरून एका सकाळी टिपलं होतं. व्हिडिओ तयार झाल्यावर कंपनीच्या बसच्या ग्रुपवर टाकला, 'मला आलाय, कुठला आहे माहीत नाही' म्हणून. चहाच्या सुट्टीपर्यंत तो आमच्या गावच्या ग्रुपवर पोचला. मागं दिसणारी दादाची निळी टाकी कुणीतरी ओळखली होती. जेवणाच्या सुट्टीत तर एका आप्पांनी तो बिबट्या आपल्या डोळ्यांनी पाहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा माझ्या दारात. आयुष्यात पहिल्यांदा तो मला काही विचारायला आला होता.

"बाया येईनात रं रानात. म्हनत्यात, आधी पिंजरा लावा. तू कंप्युटरवाला, बघ जरा. खरं हाय का कुनी बनवलंय?"

मी व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला, थांबवला. झेंडूच्या सावल्या डावीकडं पडल्या होत्या आणि बिबट्याची उजवीकडं. चूक माझ्याही तेव्हाच ध्यानात आली. ती दादाच्या नाकासमोर होती. मी त्याला हवा तेवढा वेळ बघू दिलं.

"खराच दिसतोय, दादा."

"लई दांडगा हाय रं."

"मादी असेल. पिल्लं जवळच असणार."

पिल्लांचं बोलायची गरज नव्हती. चवीसाठी बोललो. दादाच्या हातातला कप बशीवर वाजला, तो आवाज मला अजून गोड लागतो. बाहुलं बंद कर म्हणणारा माणूस माझ्या बाहुल्याला घाबरला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी लांब पल्ल्याची लेन्स घेऊन सडकेवर गेलो. दादाचं तोंड बघायचं होतं. दादा बांधावर काठी घेऊन उभा होता, शेतात पाय टाकत नव्हता. आत वहिनी होत्या, एकट्या. काखेत पाटी, हातात स्टीलचं ताट आणि पळी. ताट वाजवायच्या, खाली वाकून चार फुलं तोडायच्या, दचकून उठायच्या, पुन्हा ताट वाजवायच्या. पाटीत टाकलेली फुलं निम्मी खाली पडत होती. मी फोटो काढला. मग कॅमेरा खाली घेतला आणि घरी आलो. "वहिनी, तिथं काही नाही," एवढं सडकेवरून ओरडायला मला कुणी अडवलं नव्हतं.

पहिली पाटी भरल्यावर वहिनी पुन्हा आत गेल्या नाहीत, हे नंतर कळलं. दसऱ्याला तो झेंडू माझ्या मनात होता तसाच पेटलेला उभा राहिला आणि पुढं काळा पडला.

दादाबद्दल मला आजही काही वाटत नाही. पुन्हा मंडपात बाहुलं म्हणाला तर पुन्हा करीन, सावली मात्र नीट पाडीन. पण वहिनी तेव्हापासून एकट्या रानात जात नाहीत. गोठ्यात जायलाही त्यांना कुणीतरी सोबत लागतं. गावात म्हणतात, बाईनं धसका घेतला. परवा रस्त्यात भेटल्या, तर उलट मलाच म्हणाल्या, "भावजी, तुमी कॅमेरा घेऊन रानोमाळ हिंडता, जपून ऱ्हावा."

वहिनींना मी दोन गोष्टींचं देणं लागतो. आबांचा तो व्हिडिओ त्यांना पाठवायचा आहे. आणि त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे की झेंडूत बिबट्या नव्हता, मी होतो.