बिनहळदीचा आठवडा

रविवारी सकाळी सहाला फोन वाजला तेव्हा द्वारकाबाई कपाळाला कुंकू लावत होती. पिशोरहून तिचा दीर कारभारी बोलत होता.

“वहिनी, दादा गेला. पहाटं.”

बोट कपाळावरच थांबलं. फकिरा तिचा नवरा. बावीस वर्षांपूर्वी त्यानं तिला घराबाहेर काढलं आणि साळूबाईला आणून बसवलं. त्यानंतर त्याच्या बातम्या तेवढ्या यायच्या. कधी दारूच्या, कधी दवाखान्याच्या.

“दुपारी माती हाय. कुंकू पुसायला तरी ये.”

“साळूबाईनं पुसलं आसंल ना?”

“तिनं पुसलं. पण लगनाची तूच.”

“एका माणसाला किती कुंकवं पुसायची भाऊ?” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पिशोरला जायला कन्नडची गाडी सातला होती. तिनं तोवर विचार केला. म्हणजे फार काही केला नाही. चार महिन्यांपूर्वी आई वारली तेव्हा ती पाच दिवस गावी राहिली होती. परत आली तर स्वयंपाकाच्या तीन घरांपैकी दोन घरांनी दुसरी बाई लावलेली. उरलं होतं एकच, गारखेड्यातलं उमाताईंचं. तेव्हा उमाताई म्हणाल्या होत्या, “मावशी, तुमचं दुःख कळतं मला. पण आता एक जरी रविवार चुकला तर मला बाहेरचा डबा लावावा लागेल. अण्णांचं बायपास झालंय, मी काय करू?”

कुंकू अर्धं लागलं होतं. तिनं ते पूर्ण केलं आणि चप्पल घातली.

उमाताई वाळूजच्या कंपनीत होत्या, नवरा केशव कॉलेजात. दोघंही रात्री आठच्या आत घरी येत नसत. म्हणून रविवारी द्वारकाबाई अख्ख्या आठवड्याचं रांधून ठेवायची. मटकी, हरभरे, मुगाचं वरण, दुधी, मेथी, सगळं थोडं कच्चट ठेवून. सोमवार ते शनिवारचे अठरा डबे. त्यातले सहा लहान, लाल पट्टीचे. ते अण्णांचे, नावापुरतं मीठ आणि चमचाभर तेल. डब्यांवर वार लिहिलेले. द्वारकाबाईला वाचता यायचं नाही, पण सगळे वार ती आकारावरून ओळखायची.

अण्णा म्हणजे उमाताईंचे सासरे, व्यंकटराव. कोर्टात नाझर होते. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि साक्षीदाराला विचारावं तसं विचारायचे.

“काय द्वारकाबाई, आज तरी मीठ दिसेल का?”

“दिसंल की अण्णा. दुसऱ्याच्या डब्यात.”

ते हसले. मग नेहमीचा प्रश्न आला, “मालक काय म्हणतात?”

गावात शेती बघणारा नवरा आहे, असं तिनं या घरात पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. टाकलेली बाई म्हटलं की घरं आधी दारं नीट लावून घेतात, हे ती एव्हाना शिकली होती.

“बरे हायेत,” ती म्हणाली.

त्या वेळी पिशोरला तिरडी बांधत असतील. दुधी किसताना तिच्या मनात आलं, त्याला दुधी आवडायचा नाही. ताट भिरकावायचा. पाचही शेगड्यांवर काही ना काही शिजत होतं आणि हात आपोआप चालत होते. अडीच वाजता अठरा डबे फ्रिजमध्ये गेले. घरी येऊन तिनं डोक्यावरून पाणी घेतलं. रडू येईल म्हणून थोडा वेळ मोरीतच बसली. आलं नाही.

सोमवारी रात्री उमाताईंचा फोन आला.

“मावशी, हे काय केलंत? वरण पांढरं, मटकी नुसती उकडलेली. मी सगळे डबे उघडून पाहिले. एकातही हळद नाही, फोडणी नाही.”

द्वारकाबाईला ते आत्ता उमगलं. घरात कोणी गेलं की तेरा दिवस फोडणी द्यायची नाही, हळदीला हात लावायचा नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते हातातच होतं. कपाळ खोटं बोललं, हात बोलले नाहीत.

“ताई, ध्यानातून गेलं.”

“अठरा डब्यांत?”

मागून अण्णांचा आवाज आला, “कोण गेलं ते विचार.”

“कोणी गेलंय का हो मावशी? खरं सांगा. अण्णा सुतक पाळतात, सुतकातल्या हातचं खात नाहीत, तुम्हाला माहितीये.”

“नाय ताई. समदे बरे हायेत. अण्णांच्या छातीला तेल नको म्हणून केलं. लई झालं माझ्याकडून.”

“बरं. आमच्या डब्यांना मी वरून फोडणी घालते. पण पुन्हा असं नको.”

दुसऱ्या रविवारी ती कुंकू लावून जिना चढली. आठवा दिवस होता. फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीमागं, लाल पट्टीचे सहाच्या सहा डबे होते. भरलेले. सोमवारच्या डब्याला आंबूस वास सुटला होता.

तिनं वळून पाहिलं. अण्णा खुर्चीत होते, गालफडं बसलेली. उमाताई बाहेर कपडे वाळत घालत होत्या.

“संध्याकाळी दूध-लाह्या खातो,” ते हळू म्हणाले. “उमाला सांगू नका. ती डबे मोजत नाही.”

तिला वाटलं, आता सांगतील, येऊ नका म्हणून. तिनं ओट्याची कड धरली.

“मालक कसे आहेत?”

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांची नजर तिच्या कपाळावर होती.

“बरे हायेत अण्णा.”

“असू देत,” ते म्हणाले. “आज हळद घाला.”

तिनं सहा डबे सिंकमध्ये रिकामे केले, घासले. तेल तापवलं. मोहरी तडतडली आणि तिच्या डोळ्यांत धूर गेला. तिनं हळद घातली. ज्याच्या नावानं घालू नये, त्याच्याच नावानं घातली. अठरा डबे पिवळे झाले.

तिसऱ्या रविवारी सोमवार ते गुरुवारचे डबे तसेच भरलेले होते. शुक्रवार आणि शनिवारचे रिकामे, धुतलेले. शुक्रवार तेरावा होता. म्हाताऱ्यानं दिवस मोजले होते.

त्या दिवशी त्यांनी मिठाची थट्टा केली नाही. तिनं भाज्या निवडल्या. मग उमाताई आत आल्या, तशी त्यांनी मोठ्यानं विचारलं, “काय द्वारकाबाई, मालक काय म्हणतात?”

“बरे हायेत,” तिनंही मोठ्यानं सांगितलं.

आता दर रविवारी हे चालतं. आठवड्याचे सहा दिवस तिचं कपाळ मोकळं असतं, वस्तीला ठाऊक आहे. रविवारी सकाळी जिन्याखालच्या नळाशी ती थांबते, पदराच्या गाठीतून पुडी काढते आणि मेलेल्या माणसाचं कुंकू लावून तीन मजले चढते. ज्यानं जिवंतपणी तिला एक दिवस पोसलं नाही, तो आता मरू शकत नाही. त्याच्यावर अठरा डबे अवलंबून आहेत.