टिचकीबाईची शेवटची टोपली

कारखान्यात तिला सगळे टिचकीबाई म्हणत. भट्टीतून निघालेला कप डाव्या तळहातावर घ्यायचा, नखाने टिचकी मारायची आणि ऐकायचं, हे तिचं एकतीस वर्षांचं काम. खणखणला तर टोपलीत. बद्द वाजला तर आत चीर. तो तिथल्या तिथे फोडायचा. घरीही बोटं गप्प बसत नसत. सून चिडवायची, "मला पसंत करताना मारली होतीत का हो टिचकी?"

"मारली होती. आवाज जरा जास्तच आला."

ती लग्न होऊन आली तेव्हा शहरात चाळीस धुरांडी होती. धुतलेले कपडे वाळेपर्यंत काळे पडत, पण तक्रार कुणाकडे करणार? त्याच काजळीवर घराघरांतली चूल पेटत होती. मग बाहेरून स्वस्त कप येऊ लागले. एकेक धुरांडं गार पडलं, पाडलं गेलं. कपडे पांढरे राहू लागले आणि गल्ल्या ओस पडल्या.

उरलेल्या एका कारखान्यातली शेवटची भट्टी तिच्याच नवऱ्याने लावली होती. आयुष्यभर तो भाजत आला, ती फोडत आली. घरी भांडणं कशावरून होत ते सांगायला नको. यावेळी त्याने एका कपावर निळी रेघ ओढली होती.

"एवढा घरी नेऊ," तो म्हणाला. "नातवाला दाखवायला काहीतरी हवं."

तिने टिचकी मारली. बद्द.

तिने पुन्हा मारली, जरा हळू. तेच.

"जाऊ द्या हो बाई," मालक म्हणाले. "उद्यापासून कुलूपच लागणार."

नवरा भट्टीच्या दाराकडे बघत होता. तिने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण हा सोडला, तर आजवर फोडले ते कशासाठी? तिने कप दगडावर आपटला.



"भट्टीतून काढतानाच कळलं होतं मला," नवरा म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तू सोडतेस का ते बघत होतो."

"सोडला असता तर?"

"नेला असता घरी. चहा मात्र प्यालो नसतो त्यातून."

भट्टीत अजून शे-दीडशे कप होते. त्याने एक उचलून तिच्या तळहातावर ठेवला. "याला रेघ नाही. पण बघ."

तिने टिचकी मारली, आणि दोघंही मान तिरकी करून ऐकत राहिले.