मथुरावहिनींची लसणाची खीर

कूलरची घरघर हळूहळू लांब जाते आहे. शरयूबाईंचे डोळे अजून पुरते मिटलेले नाहीत. पापण्यांच्या फटीतून खिडकीला लावलेला वाळ्याचा ओला पडदा दिसतो, त्यातून झिरपणारा हिरवट उजेड दिसतो, आणि मग उजेड कुठला नि झोप कुठली हे कळेनासं होतं. अकोल्याची उन्हाळ्यातली दुपार ही अशीच. माणूस झोपत नाही, विरघळतो.

आज तर त्या फारच दमल्या आहेत. गुडघे ठणकतात, खांदे भरून आलेत, आणि त्याच्याही आत असं काहीतरी दमलंय, जे पाठ टेकून निवत नाही. आडवं होण्याआधी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आहे की उठल्यावर कुंदाला फोन करायचा. सांगायचं, बाई गं, माझ्याच्याने होत नाही. उद्या बाजारातलं श्रीखंड आण आणि जावयाला वाढ. ती खीर आता संपली म्हणायची.

कुंदा म्हणजे त्यांच्या थोरल्या जावेची, मथुरावहिनींची मुलगी. तिच्या लेकीचं हिवाळ्यात लग्न झालं, लगेच धोंड्याचा महिना आला, आणि नवा जावई उद्या जेवायला येतोय. या घराण्याची एक जुनी खोड आहे. पहिल्या धोंड्याच्या जेवणात जावयापुढे चांदीच्या वाटीत दाट पांढरी खीर ठेवायची आणि विचारायचं, "ओळखा, कशाची?" कुणी बदामाची म्हणतो, कुणी दुधीची. कुंदाच्या नवऱ्याने "सुरणाची" असं ठासून सांगितलं होतं. चुकला की भर पंगतीत उभं राहून बायकोचं नाव घ्यायचं, तेही उखाण्यात. खीर असते लसणाची. सांगितलं तरी खाणाऱ्याला पटत नाही.

खीर करायच्या त्या मथुरावहिनी. शरयूबाई जन्मभर त्यांच्या हाताखाली राहिल्या. लसूण सोलायचा, पाणी बदलायचं, दूध ढवळायचं. मधलं नेमकं काय ते वहिनींच्या हाताला ठाऊक, आणि वहिनींना जाऊन आता दोन वर्षं झाली. आज सकाळी पहिली खीर केली तर घरभर फोडणीचा वास. दुसऱ्या वेळी लसूण उकळताना तुरटी जास्त घातली, की वास तरी मरेल. वास मेला, पण दूधही फाटलं. पातेल्यात पांढरे गोळे आणि खाली हिरवं पाणी. शरयूबाईंनी ते मोरीत ओतलं आणि त्या "आता पुरे," असं मोठ्यांदा म्हणाल्या. घरात ऐकायला कोणी नव्हतं. ते पुरे फक्त खिरीपुरतं नव्हतं, हे त्यांचं त्यांना कळलं.

कूलर आता ऐकूच येत नाही. पायथ्याशी गादी दबते.

कुणीतरी बसलंय. सुपात लसूण सोलण्याचा तो कागदी, बारीक आवाज येतो आहे.

"किती हा लसूण," मथुरावहिनी म्हणतात. "गावजेवण आहे का गं?"

शरयूबाईंना नवल वाटत नाही. एवढंच जाणवतं की वहिनींच्या तोंडात दात आहेत. सगळेच्या सगळे, पांढरे.

"वहिनी, दात कुठून आणले?"

"तिकडे देतात. फुकट." वहिनी एक पाकळी उजेडात धरून बघतात. "पण चावायला काही देत नाहीत. तू रडत होतीस काय मोरीपाशी?"

"रडत नव्हते. कांदा चिरला होता."

"लसणाच्या खिरीत कांदा? अगोबाई! म्हणूनच बिघडली."

शरयूबाईंना हसू येतं, पण हसायलाही अंगात ताकद लागते. त्या उठून बसतात, पाय खाली सोडतात, आणि पाय टेकतात ते शेणाने सारवलेल्या थंड जमिनीवर. ही तर जिनिंगच्या चाळीतली चूल. दोघी जावांनी संसार केला ते स्वयंपाकघर. दोघींचे नवरे इथल्याच जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, कामाला होते. दाराबाहेर कापसाचे ढीग पडलेत, आणि नेहमीसारखा कापूस वाऱ्यावर उडत आत येतोय. केसांवर बसतोय, भांड्यांवर बसतोय. चुलीवरच्या दुधात पडतो आणि विरघळतो.

"झाका ना ते," शरयूबाई म्हणतात.

"राहू दे. त्यानेच दाट होते."

वहिनी चुलीपुढे उकिडव्या बसल्यात, पदर कमरेला खोचून. उकळत्या पाण्यातून झाऱ्याने लसूण काढतात, गार पाण्यात सोडतात, पुन्हा उकळायला टाकतात. त्यांच्या हाताला घाई नाही. शरयूबाई बाजूला उभ्या राहून बघतात. पूर्वीही अशाच बघत होत्या, पण तेव्हा लक्ष कुठे असायचं? एक मूल काखेला, एक पदराशी, बाहेर पुरुषांचा चहा.

"तुरटी किती घालायची?"

"बोटाला लागेल एवढी."

"बोट कुणाचं? तुमचं की माझं?"

"तुझं आता. माझं काय मोजतेस?"

वहिनी तांब्या उचलून चालायला लागतात. शरयूबाई मागोमाग. चुलीमागची भिंत सरकते आणि तिथे लांबच लांब, फिनेलने पुसलेली फरशी आहे. दवाखान्याचा व्हरांडा. वहिनींचे शेवटचे दिवस गेले तो. दोन्ही बाजूंना खाटा, आणि दर खाटेवर माणसाऐवजी एकेक पातेलं पांघरुणात गुंडाळून ठेवलंय. एक नर्स प्रत्येक पातेल्याच्या कडेला हात लावून बघते आणि मान हलवते.

"गार होतायत," ती म्हणते. "घरचं कोणी आहे का?"

शरयूबाई पुढे होतात. "मी आहे. मीच आहे एकटी. बाकी कोणी उरलं नाही हो."

"झालं, सुरू झालं हिचं," वहिनी नर्सला सांगतात. "लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. भाकरी फुगली नाही तरी म्हणायची, माझं कुणी नाही."

"मग आहे का कोणी? सांगा ना!" शरयूबाई चिडतात. वहिनींशी त्या कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या, आज बोलतात. "तुम्ही गेलात. त्याआधी भाऊजी गेले, हे गेले. मुलं फोनवर. जो तो मला विचारतो, ते कसं करायचं, हे कधी असतं, अमक्याचं नाव काय होतं. मी काय कोठार आहे? मला नाही आता आठवायचं काही. मी दमलेय वहिनी."

वहिनी एका खाटेवर टेकतात, पातेल्याचं पांघरूण बाजूला करतात, वाफेतून एक पाकळी उचलतात.

"हात कर."

शरयूबाई डावा हात पुढे करतात. वहिनी पाकळी तळहातावर ठेवतात आणि अंगठ्याने दाबतात. लोण्यासारखा गर पसरतो.

"वास घे."

शरयूबाई हात नाकाशी नेतात. गोडसर वास येतो, उकडलेल्या फणसाच्या आठळीसारखा. आणि त्याच्या मागे, अगदी मागे, लसूण.

"येतोय अजून वास," त्या म्हणतात. "गेला नाही पुरता."

"जाऊ द्यायचाच नाही पुरता." वहिनींच्या तोंडावर ती जुनी, खोडकर छटा उमटते. "तू वेडी, सगळा मारायला गेलीस. सगळा मारला की दूध नासतं. थोडा ठेवायचा. जावयालाही न्याय नको का? ओळखायचीच असली तर ओळखता आली पाहिजे बिचाऱ्याला."

"आजवर कुणी ओळखली नाही."

"कारण कुणी हुंगतच नाही. सगळे खातात." वहिनी शरयूबाईंची बोटं मिटवतात, मूठ करून देतात. "धर हे. याच्या पुढे जायचं नाही, मागेही राहायचं नाही."

व्हरांड्याच्या टोकाला दार आहे. ते उघडं आहे आणि पलीकडून पंगतीचा आवाज येतो आहे. पाट सरकवल्याचा, वाट्या मांडल्याचा, कुणीतरी "अहो, मीठ राहिलं" म्हटल्याचा. शरयूबाई उंबऱ्यापाशी येतात. जिनिंगच्या अंगणात लांब पंगत बसली आहे. डोक्यावर कापसाचं पांढरं आभाळ. ओळखीचे सगळे आहेत. भाऊजी, सदऱ्याच्या बाह्या दुमडून. सासूबाई. शेजारच्या गोदाक्का. आणि पलीकडे शरयूबाईंचे यजमान, मान खाली घालून वरणभात कालवतायत, जसे रोज कालवायचे तसे, एक शीत बाहेर सांडू न देता.

त्यांच्या शेजारी एक पाट रिकामा आहे. पान मांडलंय. पानाभोवती रांगोळीही आहे.

बसावं असं शरयूबाईंना इतकं वाटतं की गुडघे आपोआप दुमडायला लागतात. बसावं, कुणीतरी वाढावं, आपण जेवावं. उठूच नये.

"कुठे निघालीस?" वहिनी दंड धरतात.

"बसते ना. जागा आहे."

"असेल. वाढणारी बसते का आधी?"

"वहिनी, एकदा तरी! जन्मभर शेवटी जेवलो आपण. कढई खरवडून जेवलो."

"जेवलो की. आणि हसलो किती त्या कढईवरून! पंगतीत बसून कोण हसलंय तसं?"

शरयूबाई त्यांच्याकडे बघतात. वहिनी पंगतीकडे बघत नाहीत. त्या दाराच्या अल्याड उभ्या आहेत, भिंतीला टेकून, माणसं उठायची वाट बघणाऱ्या बाईसारख्या. तोंड सुकलेलं आहे.

"तुम्ही जेवलात का?" शरयूबाई विचारतात.

"नाही अजून."

"अजून? दोन वर्षं झाली की हो!"

"एकटीला घास जात नाही मला," वहिनी म्हणतात. मग जरा दटावल्यासारखं करून, "म्हणून काही धावत सुटू नकोस. मला भूक नाहीये. तुझं चुलीवरचं उरकू दे. कुंदाला शिकव, तिच्या पोरीला शिकव. मग ये सावकाश. दोघी बसू मागाहून, कढई मध्ये घेऊन."

"आणि शिकवता नाही आलं तर?"

"तर त्यांची बिघडेल. आपली काय पहिल्यांदा झाली होती? आमच्या ह्यांनी गाईला घातली, गाईनेही तोंड फिरवलं."

शरयूबाईंना आता खरंच हसू फुटतं, पोटातून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. पंगतीतली माणसं वर बघतात. यजमानही वर बघतात, भातावरचा हात तसाच ठेवून, आणि ओळखीचं, थोडं वैतागलेलं स्मित करतात. पाठीमागे या दोघींचं काय चाललंय आता, असं. कापूस दाट होत खाली येतो. पाट दिसेनात, माणसं दिसेनात, दंडावरचा वहिनींचा हात तेवढा राहतो, मग तोही सैल होतो.

उकाड्याने शरयूबाई जाग्या होतात. लाइट गेली आहे, कूलरचं पातं थांबलंय. वाळ्याचा पडदा वाळून कडक झालाय. त्या घामाने भिजल्या आहेत आणि डावी मूठ इतकी घट्ट मिटली आहे की बोटं आखडली आहेत.

एकेक बोट उघडतात.

तळहातावर गर आहे. पांढरा, लोण्यासारखा, अंगठ्याच्या दाबाने पसरलेला. अजून कोमट. झोपण्याआधी त्यांनी हात साबणाने चोळून धुतले होते, लिंबू लावून पुन्हा धुतले होते. त्या बराच वेळ बघत राहतात. मग हात नाकाशी नेतात. गोडसर. आणि मागे, अगदी मागे, लसूण.

अंगातला शिणवटा काही गेलेला नाही. उठताना गुडघे आधीसारखेच कुरकुरतात. त्या भिंत धरत स्वयंपाकघरात जातात, गॅस पेटवतात, सकाळचा सोलून उरलेला लसूण पातेल्यात टाकतात, तुरटीवरून एक ओलं बोट फिरवतात आणि ते पाण्यात बुडवतात. सगळं उजव्या हाताने. डावा हात उघडा, उताणा, दिवा धरल्यासारखा अंगापासून लांब.

फोन वाजतो. कोपराने बटण दाबून त्या तो ओट्यावर मोठ्या आवाजात ठेवतात.

"काकू, काय झालं खिरीचं? नसेल जमत तर राहू द्या हं. आम्ही श्रीखंड आणतो."

शरयूबाई झाऱ्याने एक पाकळी काढतात, उजव्या चिमटीत चिरडतात, हुंगतात. मग डावा तळहात हुंगतात. पुन्हा उजवा.

"आणखी एक पाणी," त्या म्हणतात.

"काय म्हणालात? कोण आहे तिथे?"

"कोणी नाही. तू असं कर, लेकीला घेऊन आत्ताच ये इकडे. तू ढवळ, ती बघेल. वास कुठे थांबवायचा ते दाखवायचंय, आणि ते फोनवर दाखवता येत नाही."

"एवढ्या उन्हात? उद्या सकाळी येऊ ना, काकू."

"आत्ताच. उद्यापर्यंत हात न धुता कशी राहू मी?"