डब्यातून आलेलं अर्थशास्त्र

अर्थशास्त्रात मी दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळा पेपर काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझा स्वभावच तसा आहे. कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवते. दिवसभर पोरांच्या कालव्यावर आवाज चढवून चढवून आता मी साधं बोलले तरी शेजारणीला भांडण लागल्यासारखं वाटतं.

बारावी झाली आणि लगेच लग्न झालं. पुढं लेक सांगलीला कॉलेजात गेली, त्याच सुमारास मीही तिच्याच कॉलेजातल्या मुक्त विद्यापीठाच्या केंद्रातून बाहेरून बी.ए.ला नाव घातलं. सेविकेची पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी लागते, आणि मला व्हायचंच होतं. बाकीचे सगळे विषय सुटले, एवढं अर्थशास्त्र मागं राहिलं. त्यात माझ्या नोंदणीची मुदत तिसऱ्या खेपेच्या वर्षीच संपत होती. या खेपेलाही गेलं असतं तर आधीची सगळी मेहनत पाण्यात.

नवरा म्हणाला, "ऱ्हाऊ दे की आता. काय अडलंय का तुजं?"

"तुमी गप बसा," मी म्हटलं. "माजं काय अडलंय ते मला ठावं."

केंद्राचे तास रविवारी असायचे आणि रविवारी कॉलेजच्या ग्रंथालयाला कुलूप. त्यामुळं ते आतून कसं असतं हे मला कधी कळलंच नव्हतं. एकदा शनिवारी लेकीला सामान द्यायला गेले, दार उघडं दिसलं आणि आत शिरले. ग्रंथपाल बाई माझ्याहून लहान, मूळच्या साताऱ्याकडच्या, वाईच्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही इथंच शिकता का, ताई?"

"न्हाई ओ म्याडम, मी बाहेरनं करत्या."

"बाहेरून म्हणजे आपल्याच केंद्रातून ना? मग इथल्याच की. बसा."

इतकी वर्षं मी सगळ्यांना 'बाहेरून, बाहेरून' सांगत आले होते. मला कुणी खुर्ची दिली नव्हती.

अभ्यास कशातून करता, असं त्यांनी विचारल्यावर मी पिशवीतून मोठ्या तोऱ्यात पुस्तक काढलं. ते माझ्या जावेचं. काही वर्षांपूर्वी ती अशीच बी.ए. झाली होती. खाकी कव्हर, लाल पेनानं ओढलेल्या रेघा, कडेला 'महत्त्वाचे' असं लिहिलेलं. नवं पुस्तक फोनवर यायचं, पण माझ्या फोनची काच तडकलेली आणि अक्षरं मुंगीएवढी. घरात असं आयतं, पास होऊन आलेलं पुस्तक असताना त्या मुंग्या कोण वेचत बसणार?

बाईंनी अनुक्रमणिका बघितली. हसल्या नाहीत. उठून रॅकमधलं एक पुस्तक आणलं आणि माझ्या पुस्तकाशेजारी उघडून ठेवलं. म्हणाल्या, "ताई, अभ्यासक्रम बदललाय. यातले निम्मे धडे आता परीक्षेला नाहीतच."

आधी मला जावेचा राग आला, मग विद्यापीठाचा, मग स्वतःचा. भाकड म्हशीखाली चरवी घेऊन बसावं, तशी मी दोन परीक्षा बसले होते. जावेचा तरी काय दोष? तिनं तिचं सगळ्यात जपलेलं पुस्तक मला दिलं होतं.

नवं पुस्तक समोर होतं, पण बाहेरच्या विद्यार्थ्यांना घरी न्यायची परवानगी नव्हती. तेवढ्यात मला शोधत आलेली लेक म्हणाली, "माझ्या कार्डावर ने."

बाईंनी मान हलवली. "तिचीही परीक्षा आहे, तिला तिची पुस्तकं लागतील. आणि वाचणार तुम्ही, तर पुस्तक तुमच्या नावावर गेलं पाहिजे. मी प्राचार्यांशी बोलते."

मला वाटलं, बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. पुढच्या आठवड्यात फोन आला, "दोन फोटो घेऊन या." माझ्यासकट केंद्रातल्या सगळ्यांनाच कार्डं मिळाली. माझं नाव आणि माझा फोटो असलेलं ते कार्ड मी नवऱ्याच्या नाकासमोर धरलं.

आता सारखं सांगलीला कोण जाणार? अंगणवाडीला सुट्टी नसते. पण लेकीचा डबा रोज सकाळच्या एसटीनं जायचा. आमच्याकडं बऱ्याच घरांतून जातो. ड्रायव्हर पिशव्या आपल्या बाजूला ठेवतो, पोरं स्टँडवर येऊन उचलतात आणि रिकामे डबे संध्याकाळच्या गाडीनं परत येतात. आमच्या रिकाम्या डब्याबरोबर पुस्तक यायला लागलं. तेल लागू नये म्हणून बाई ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लेकीकडं द्यायच्या. पहिल्या दिवशी पिशवी हातात देताना कंडक्टर म्हणाला, "वैनी, डबा लय जड हाय आज. पोरगी जेवली न्हाई का काय?"

"जेवली ओ. अर्थशास्त्र हाय त्यात."

पुस्तकात चिठ्ठी असायची, 'आधी हा धडा वाचा.' कधी नव्या अभ्यासक्रमाच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स असायच्या. मागणीची लवचीकता काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना, म्हणून मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हे मलाही नीट सांगता येणार नाही. ज्यांना येतं त्यांच्याकडं फोन देते." आणि अर्थशास्त्राच्या सरांना त्यांनी ग्रंथालयात बोलावून आणलं.

सर म्हणाले, "मीठ महागलं तर तुम्ही कमी घेता का?"

"न्हाई. मिठाबिगार कसं चालंल?"

"आणि द्राक्षं महागली तर?"

"द्राक्षं आमी इकत घेतच न्हाई, सर. शेजारचं देत्यात."

सर पोट धरून हसले. मग सोन्याचं उदाहरण घेतलं, आणि मला समजलं. एकदा मी डब्याबरोबर बाईंना बेदाणे पाठवले. उलट चिठ्ठी आली, 'बेदाणे गोड आहेत. तिसरा धडा झाला का?' मी गुपचूप तिसरा धडा उघडला.

निकाल लागला त्या दिवशी मी पोरांना खिचडी वाढत होते. लेकीचा फोन आला, "आई, सुटलीस!" मी अशी ओरडले की दोन पोरं रडायला लागली. त्यांना गप केलं, हात धुतले आणि पहिला फोन बाईंना लावला. नवऱ्याला नंतर कळलं तरी चालणार होतं.

पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. मी हॅलो म्हणायच्या आत बोलल्या, "ताई, मी सकाळीच बघितलाय. हॉल तिकीट इथंच काढलं होतं ना, नंबर माझ्याकडं होता. साइट उघडेपर्यंत जिवात जीव नव्हता."

"मग फोन का न्हाई केला, म्याडम?"

"करणार होते. नंबरही लावला होता. मग म्हटलं, हे माझ्या तोंडून नको. इतकी वर्षं थांबलात, तर हे तुम्हीच सांगायचं. मी तेव्हाची फोन हातात घेऊन बसलेय. सांगा आता."

मला रडू फुटलं. पोरं ताटं पुढं करून माझ्याकडं बघत उभी होती. मी पदरानं डोळे पुसले आणि सांगितलं, "म्याडम, मी पास झाले."