तांड्यातल्या लट्टूची दोन बटनं

पांढरकवड्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात १९६३ साली वीज आली, ती एका लट्टूपुरती, म्हणजे एका दिव्यापुरती. लिंबाखालच्या खांबावर तो लागला. बटन मात्र नायक देवसिंगला आपल्या घरी हवं होतं, आणि कारभारी बाबूसिंगला आपल्या.

तारा ओढणारा भावसिंग पेचात पडला. कापसाच्या जिनिंगात वायरिंग शिकलेला हा गडी देवसिंगच्या पोरीवर, सोनीबाईवर, जीव टाकून होता. नायक आणि कारभारी, दोघांनी मान डोलावल्याशिवाय तांड्यात सोयरीक होत नाही. म्हणून त्यानं दोन्ही घरी बटन दिलं.

होळीच्या पंधरा दिवस आधी त्याचा दोस्त घनश्याम आला. नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालेला. त्याला दिसला तो अंधार. दोन्ही बटनं एकाच तारेत, एकापुढे एक. दोन्ही चालू तरच उजेड. नायकानं चालू केलं की कारभारी मुद्दाम बंद करी.

"हे 'आणि' झालं," भावसिंग म्हणाला. "आता 'किंवा' लावतो."

त्यानं तारा वेगवेगळ्या ओढल्या. आता कोणाचंही एक बटन पुरे. विझवायला मात्र दोघं लागत. कोंबड्या झोपेनात.

घनश्याम थक्क झाला. 'आणि', 'किंवा' म्हणजे त्याच्या लेखी वाक्यं जोडणारे गरीब शब्द. भावसिंगनं जिनिंगातल्या इंजिनिअरकडून ऐकलेलं सगळं पाजळलं. हो-नाहीचं एक गणित असतं. ते बटनांनी मांडता येतं. तशी हजारो बटनं जोडून परदेशात हिशेब करणारी यंत्रं केलीत.

"तिथं दाबाले माणूस नसते. एक बटनच दुसऱ्याले दाबते."

"भांडत नाहीत?"

"त्यात नायक नसते ना."

तिसऱ्या जोडणीत कोणतंही बटन हललं की पेटलेला विझे, विझलेला पेटे. दोघं म्हातारे आपापल्या दारात बसून खटखट करत राहिले. लट्टू उडाला.

अशा अंधारात सोयरिकीची बैठक बसली. देवसिंग पोरगी द्यायला तयार होता.

"माह्यी हो आहे," बाबूसिंग म्हणाला. "पण यानं तारेले हात लावाचा नाही."

आतून सोनीबाईचा आवाज आला. "हात लावणार नसन, त माह्यी ना."

ही कोणती जोडणी, घनश्यामनं हळूच विचारलं. "कधीच न पेटणारी," भावसिंग पुटपुटला.

बाबूसिंग खांबाकडे बघत राहिला. होळीतली लेंगीची गाणी तोंडावर आली होती, आणि खांबावर चढायची दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. त्यानं अट गिळली.

सगाई झाली. नवा लट्टू लागला. बटन एकच ठेवलं, सोनीबाईच्या हाताशी. दोघंही म्हातारे खूश झाले.

ते बटन नायकाच्याच घरी गेलं, हे बाबूसिंगच्या ध्यानात आलं होळी झाल्यावर.