शेगडीवर पाळत

माझ्या सुनेच्या वडिलांनी उभ्या जन्मात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवलेला नाही. दुधात पाणी असतं, डाळीत खडे असतात आणि माणसाच्या पोटात काहीतरी वेगळंच असतं, हे धरूनच ते चालतात. मेलबर्नच्या विमानतळावर आमची नात धावत जाऊन त्यांच्या कमरेला बिलगली, तर त्यांनी आधी स्वतःचा खिसा चाचपला आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. यात त्यांचा दोष नाही. सगळी नोकरी त्यांनी गावाबाहेरच्या जकात नाक्यावर केली. आलेला ट्रक थांबवायचा, ताडपत्री वर करायला लावायची, ड्रायव्हर कांदा म्हणाला तर कांद्याच्या खाली काय आहे ते बघायचं. पुढे जकात बंद झाली, नाकेही गेले. पण व्याही तिथून उठले नाहीत. जातील तिथे नाका बरोबर नेतात.

मीही काही भोळी बाई नाही. व्याही येणार म्हटल्यावर माझ्या मनात पहिलं हेच आलं, की एवढ्या लांब, तेही इथल्या ऐन थंडीत, हा माणूस का येतोय? त्यांची बायको, माझी विहीण, जाऊन सहा महिने झाले होते, पोरगी एकुलती एक, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, लक्ष ठेवलेलं बरं.

आमचं घर मेलबर्नच्या कडेला, पॉइंट कुकला आहे. समुद्र जवळ, त्यामुळे जून लागला की वारा असा येतो की दोन स्वेटरांतून हाडाला हात लावतो. आमच्याआधी इथे राहणाऱ्या एका गोऱ्या म्हाताऱ्याने बैठकीच्या खोलीत एक शेगडी बसवून ठेवली आहे. मुलगा तिला पेलेट हीटर म्हणतो. भुसा दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या तिच्यात ओतायच्या, आपल्याकडे गुरांना पेंडीच्या घालतात तशा. ऊब झकास देते. माझ्या गुडघ्यांना या देशात काही मानवलं असेल तर ती शेगडीच. पण आवाज! चालू केली की आधी पंखा घरघरतो. मग आतला मोठा स्क्रू कण्हत कण्हत फिरतो आणि कांड्या लोखंडी वाटीत टपटप पडतात. पेट घेतला की धाप लागलेल्या माणसासारखी फुसफुसते, आणि बंद केली की निवता निवता कडाकडा बोटं मोडते. टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, टीव्ही वाढवला की माणसांना वाढवावा लागतो, आणि थंडीचे तीन-चार महिने आमच्या घरात सगळे भांडल्यासारखे बोलतात.

व्याही आले त्याच संध्याकाळी सोफ्याच्या कडेवर बसून ते शेगडीकडे बघत राहिले. चहा निवला. मग हळूच मला म्हणाले, “विहीणबाई, आत काय फिरतंय?”

“स्क्रू आहे.”

“तुम्ही बघितलाय?”

“नाही. मुलगा म्हणाला.”

“जावईबापूंनी बघितलाय?”

“त्यालाही कुणीतरी सांगितलं असेल.”

“म्हणजे कुणीच बघितलेला नाही,” व्याही म्हणाले आणि त्यांनी चहा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून शेगडीसमोर मांडली आणि कानटोपी वर सरकवून, एक कान मोकळा ठेवून पहारा सुरू केला. साध्या घरघरीला ते ‘रिकामी गाडी’ म्हणत, कांड्या पडायला लागल्या की ‘भरलेली’. मध्येच एखादा वेगळा ठोका पडला की हात वर करत, आणि त्यांनी हात वर केला की घरातल्या माणसाने जिथे असेल तिथे थांबायचं. सून पोळीचं उलथनं हातात धरून थांबे. मी लाटणं धरून थांबले नाही, पण हळू लाटलं. नात म्हणायची, “आजोबा, इट्स ओन्ली द हीटर!” तर ते तिला समजावत, “बाळ, ओन्ली असं जगात काही नसतं.” एकदा मुलगा घरून काम करत होता, ऑफिसची मीटिंग चालली होती, दहा तोंडं पडद्यावर. व्याही तिथे जाऊन म्हणाले, “जावईबापू, तुमच्या साहेबांना जरा गप्प बसायला सांगा. शेगडी काहीतरी बोलतेय.” मुलाने नंतर मला स्वयंपाकघरात गाठलं. “आई, तू तरी सांग ना त्यांना. ते नॉर्मल आहे गं.” मी म्हटलं, “तुझा सासरा आहे, तू सांग.” त्याने काही सांगितलं नाही.

शेगडीवर व्याह्यांची पाळत, आणि व्याह्यांवर माझी. मला दोन गोष्टींचा संशय होता. एक, हा माणूस आवाजाचं निमित्त करून माझी शेगडी घरातून काढायला लावणार. दुसरी गोष्ट त्यांच्या जेवणाची. दुसरी पोळी घ्यायचे नाहीत. ताट स्वतः घासायचे, आणि ते पुसून फडताळात ठेवताना रोज म्हणायचे, “आता काय, आम्ही निघणारच.” लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी आपल्याकडे जुनी रीत. नातवंड झालं की जेवायला मोकळीक असते, पण मुक्काम ठोकायची नसते. ती रीत माझ्याही माहेरी होती. पण इथे ती पाळायची तर माणसाने दुपारी जेवून संध्याकाळी कऱ्हाडला परत जायचं का? मला वाटे, हा सगळा देखावा आहे. पोळी नको म्हणायचं आणि लेकीला हळहळायला लावायचं.

जुलैत शेगडीचा आवाज खरोखरच बदलला. टपटप थांबली आणि खडखड सुरू झाली. स्क्रू कण्हायचा तो चक्क दात खायला लागला. व्याह्यांचा चेहरा उजळला. “मी पहिल्या दिवसापासून सांगतोय,” असं ते प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगून आले. मीही माझ्या परीने तपास केला. कांड्यांच्या थैल्या गॅरेजमध्ये शटरला लागून रचलेल्या असतात. तिथे जाऊन बघते तर प्रत्येक थैलीला खालच्या अंगाला बारीक गोल भोकं. मी येऊन जाहीर केलं, “घरात उंदीर आहेत.” सुनेने किंचाळून पाय वर घेतले. मुलगा सापळा घेऊन आला. फक्त व्याही काही बोलले नाहीत. उंदरासारखा विषय निघावा आणि या माणसाने त्यावर शंका काढू नये, हे नवलच होतं. पण माझं डोकं तेव्हा दुसरीकडे होतं. माझी विणायची लांब सुई सापडत नव्हती आणि माझा संशय सुनेवर होता.

मग एका सकाळी शेगडी आचका देऊन बंद पडली. घर असं गारठलं की खोबरेल तेलाच्या बाटलीत काडी घालावी लागली. दुरुस्तीवाला आला. दाढीवाला, हसरा पोरगा. त्याने शेगडीचं पोट उघडलं, आणि व्याही इतके जवळ जाऊन उभे राहिले की त्याला दोनदा ‘सॉरी मेट’ म्हणावं लागलं. स्क्रू निघाला. खरंच होता. त्याला सगळीकडून भुशाचा लगदा चिकटला होता, भिजून फुगलेल्या पेंडीसारखा. पोरगा गॅरेजमध्ये गेला, एक थैली घेऊन आला, भोकातून बोट घातलं आणि म्हणाला ते सुनेने आम्हाला मराठीत सांगितलं. शटरखालून पावसाचं पाणी येतं, ते या भोकांतून आत जातंय, कांड्या फुगतायत. ही भोकं उंदराची नाहीत. कुणीतरी पाडली आहेत.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. व्याही कानटोपी काढून पुढे आले.

“मी पाडली,” ते म्हणाले. “वर चांगला माल आणि खाली माती, असं करतात लोक. नाक्यावर आम्ही प्रत्येक पोत्यात सळई घालून बघायचो. इथे सळई नव्हती.” आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून माझी सुई काढून दोन्ही हातांनी मला परत दिली.

सुनेने ते इंग्रजीत सांगितलं तसा तो पोरगा खो खो हसला. “नो वरीज, मेट!” म्हणून त्याने व्याह्यांच्या पाठीवर थाप मारली. मुलगा हसला, सून हसली, मीही हसले. व्याही हसले नाहीत.

शेगडी स्वच्छ होऊन पुन्हा सुरू झाली आणि पूर्वीसारखी घरघरायला लागली. समोरची खुर्ची मात्र रिकामी. व्याही खोलीतून बाहेर आले ते जेवायलाच, आणि त्या दिवशी पोळी एकसुद्धा नाही, अर्धीच घेतली. ताट घासून ठेवताना लेकीला म्हणाले, “तिकीट अलीकडचं मिळतं का बघ. या आठवड्यातलं.” सून कपडे धुवायच्या खोलीत जाऊन मशीन लावून रडली, म्हणजे आवाज येऊ नये. मुलगा म्हणाला, “आई, त्यांची इच्छा असेल तर आपण काय करणार?”

मुलाला काही कळत नाही. मी व्याह्यांच्या खोलीत गेले. पलंगावर बॅग उघडी होती आणि ते सदऱ्यांच्या घड्या करत होते.

“कुठे निघालात?”

“घरी.”

“तिथे कोण आहे?”

“कुणी नाही. म्हणून तर कुणाला त्रास नाही.” त्यांनी एक सदरा उलगडून पुन्हा त्याची घडी घातली. “लेकीच्या घरी बापाने किती राहायचं, विहीणबाई? हातपाय हलवत होतो तोवर ठीक होतं. राखणदार म्हणून बसलो होतो. तर राखणदारानेच माल भिजवला.”

मला डोळे पुसत बसता येत नाही, आणि दुसऱ्याने पुसलेलेही बघवत नाहीत. मी दारातच उभं राहून म्हटलं, “हे तुमच्या लेकीचं घर आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? हे माझ्या मुलाचं घर. म्हणजे रीतीने माझं. तुमची रीत पाळायची तर पुरती पाळा. मी काही तुमची लेक नव्हे. मुलाची आई म्हणून मी तुम्हाला थंडीपुरतं राहायचं आमंत्रण देते आहे. वरमाईचं आमंत्रण मोडून जातात का तुमच्याकडे?”

घर मुलगा आणि सून दोघांच्या नावावर आहे हे मला माहीत आहे. तेव्हा ते बोलायची गरज नव्हती.

व्याह्यांनी हातातला सदरा खाली ठेवला. मग म्हणाले, “यात तुमचा काय फायदा?”

“माझे गुडघे. मला वाकून राख काढता येत नाही.”

“जावईबापू काढतील की.”

“तो कशी काढतो ते बघितलंय ना?”

“हं. ते आहे. आणखी?”

“आणखी काही नाही,” मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नाही.

त्यांनी बॅग रिकामी केली, पण अर्धीच. दुसऱ्या सकाळी मी उठले तर राख काढलेली होती, शेगडी घरघरत होती आणि समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. तेव्हापासून आम्ही तिथेच बसतो. फार बोलत नाही. बोलायला काही नसलं तरी ऐकायला असतं. मध्येच ते हात वर करतात आणि मी विणायची थांबते.

आता सप्टेंबर लागलाय. अंगणात ऊन येतं, समोरच्या झाडाला पालवी फुटली आहे. काल मुलगा म्हणाला, “मस्त वॉर्म झालंय, आता हीटर कशाला रोज?” व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शेगडीकडे बघत म्हणाले, “या देशातल्या थंडीचा भरवसा नाही.” मी म्हटलं, “मुळीच नाही,” आणि काढून ठेवलेली शाल पुन्हा अंगावर घेऊन बसले.